कोणतं ऑइल टाकू, भाऊ?

गॅरेजवर गाडी लागते. मिस्त्री इंजिनाखाली पसरट भांडं सरकवतो, ड्रेन नट सैल करतो आणि काळं ऑइल धारेनं उतरत असताना मान वर करून विचारतो, "कोन्तं टाकू, भाऊ?" भाऊ मोबाइलमध्ये असतो. "टाक न तुह्या मनानं," म्हणतो. फार तर एखाद्या कंपनीचं नाव घेतो, तेही क्रिकेटच्या मॅचमध्ये जाहिरात पाहिली म्हणून. संग्रामपूर असो, वरवट बकाल असो, सोनाळा, टुनकी नाहीतर पातुर्डा असो, संवाद हाच. ज्या गाडीसाठी दोन-तीन वर्षं हप्ते भरले, तिच्या इंजिनात पुढचे काही महिने काय फिरणार हे अशा रीतीनं ठरतं.

ही पुस्तिका त्या भाऊसाठी लिहिली आहे. मिस्त्रीनंही ती वाचावी, पण मिस्त्रीला शिकवण्याचा आव तिच्यात नाही. इंजिनाच्या आवाजावरून कोणती चेन सैल झाली हे सांगणाऱ्या माणसाला कागदावरून काय शिकवणार? अडचण वेगळी आहे. मिस्त्रीकडे त्या दिवशी जे ऑइल शिल्लक असतं, तेच त्याच्या मनात येतं. गिऱ्हाईक नेमकं मागू लागलं, तर दुकानात नेमकं येऊ लागेल.

नेमकं म्हणजे काय, हे पुढच्या प्रकरणांमध्ये गाडीगणिक दिलं आहे. प्रस्तावनेत मला त्यामागचा विचार मांडायचा आहे. तो थोडक्यात असा: ऑइलची निवड कंपनीच्या नावावर होत नाही, बाटलीवरच्या तीन खुणांवर होते. आणि त्या तीन खुणा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत आधीच छापलेल्या असतात. ती पुस्तिका बहुतेकांच्या घरी विम्याच्या कागदांसोबत प्लास्टिकच्या पिशवीत असते आणि गाडी विकेपर्यंत उघडली जात नाही.

आता आपल्या तालुक्याबद्दल. संग्रामपूरला रेल्वे नाही. गाडी धरायची तर शेगावला जायचं. एसटी आहे, पण शेतापर्यंत येत नाही. त्यामुळे मोटारसायकल इथे जी कामं करते, ती शहरातल्या माणसाला सांगितली तर खोटी वाटतील. मागे फवारणीचा पंप, पुढे टाकीवर खताचं पोतं, मध्ये बाप-लेक. वेचणीच्या दिवसांत कापसाची गाठोडी, सोनाळ्याकडे संत्र्यांचे कॅरेट, सकाळ-संध्याकाळ दुधाचे कॅन. पांदण रस्त्यानं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, मैलभर. इंजिन हवेवर थंड होणारं, आणि हवा लागायला वेग पाहिजे; वेग तर बैलाचा. वर पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल इंजिनाच्या पट्ट्यांमध्ये घट्ट बसतो, वाळतो, आणि उष्णता बाहेर जायचा रस्ताच बंद करतो. मे महिन्यात या पूर्णेच्या खोऱ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या वर जातो. धूळ वेगळीच. कंपन्या आपल्या पुस्तिकेत 'खडतर वापर' असा शब्द घालतात आणि अशा वापरात ऑइल लवकर बदला म्हणतात. तो शब्द वाचून आपण समजतो की लडाखला जाणाऱ्यांबद्दल लिहिलंय. ते आपल्याबद्दल आहे.

या गाड्यांच्या आधी इथे काय होतं हेही थोडं सांगायला हवं, कारण आपल्या पुष्कळ सवयी तिथून आल्या आहेत. बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालणारे हात अजून गावात आहेत. गंमत अशी की इंजिन ऑइलच्या धंद्यातलं एक मोठं नाव, कॅस्ट्रॉल, हे १९०९ साली त्याच एरंडेलाच्या जोरावर उभं राहिलं. विमानाची आणि मोटारींची सुरुवातीची इंजिनं या तेलावर चालली. नंतर आली लुना, राजदूत, येझदी, चेतक, एम-८०. ही सगळी टू-स्ट्रोक. त्यांत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, ते पेट्रोलबरोबर जळून जायचं. पंपावरचा मुलगा मापानं ऑइल ओतायचा, आपण गाडी गदागदा हलवायचो, आणि संपला विषय. निळा धूर हा गाडी जिवंत असल्याचा पुरावा मानला जाई.

मग १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि १९९४ मध्ये स्प्लेंडर. फोर-स्ट्रोक. ऑइल आता जळण्यासाठी नव्हतं. ते इंजिनाच्या पोटात राहून पुन्हा पुन्हा फिरणार होतं. पण सीडी १०० ची जाहिरात होती ती 'पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा' अशा अर्थाची. लोकांनी ती मनावर घेतली. पेट्रोल तर विसरले नाहीत, कारण ते संपलं की गाडी थांबते. विसरले ते ऑइल, कारण ते कमी झालं तरी गाडी चालते. बराच काळ चालते. आणि एक दिवस भर रस्त्यात इंजिन जाम होतं, तेव्हा बोअर, पिस्टन, कधी क्रँक, सगळंच उघडावं लागतं.

आता त्या तीन खुणा.

पहिली खूण म्हणजे ग्रेड: १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०, १५डब्ल्यू-५०. आपल्याकडे 'ट्वेंटी-फोर्टी दे' असं म्हटलं जातं. हे आकडे अमेरिकेतल्या एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचे. त्यांनी ऑइलची अशी वर्गवारी १९११ सालापासून सुरू केली. मागचा आकडा ऑइल तापलेलं असताना किती घट्ट राहतं ते सांगतो. १०० अंश तापमानाला ऑइल एका बारीक नळीतून स्वतःच्या वजनानं किती वेळात उतरतं हे मोजतात. त्याचं एकक सेंटीस्टोक. ३० च्या ऑइलला ९.३ ते १२.५, ४० च्या ऑइलला १२.५ ते १६.३, ५० च्या ऑइलला १६.३ ते २१.९ अशा हद्दी ठरलेल्या आहेत. कढईत तेल तापलं की पाण्यासारखं पळतं, तसंच हेही पळतं. किती पळू द्यायचं, एवढाच प्रश्न आहे.

पुढचा आकडा आणि त्यामागचा डब्ल्यू हा थंडीचा. १०डब्ल्यूचं ऑइल उणे २५ अंशांना आणि २०डब्ल्यूचं उणे १५ अंशांना इंजिन फिरवू देतं की नाही, हे तपासलेलं असतं. संग्रामपुरात उणे १५ झाले तर ऑइलची चिंता करायला आपण उरणार नाही, हरभरा तर नाहीच. मग आपल्याला या आकड्याचं काय? एवढंच की डिसेंबरच्या सकाळी पहिली किक मारल्यावर १०डब्ल्यूचं ऑइल वर हेडपर्यंत लवकर पोचतं. इंजिनाची झीज सगळ्यात जास्त त्या पहिल्या काही क्षणांत होते, तेव्हा हा फायदा अगदीच फुकटचा नाही.

इथे एक समज खोडून काढणं भाग आहे, कारण तो गॅरेजोगॅरेज ऐकू येतो. 'आपल्याकडे ऊन फार, म्हणून जाड ऑइल.' ऐकायला पटतं. पण जरा विचार करा. स्प्लेंडरला कंपनी १०डब्ल्यू-३० सांगते. बजाजच्या पल्सर-डिस्कव्हर घराण्याला कित्येक वर्षं २०डब्ल्यू-५० सांगितलं गेलं. रॉयल एनफिल्डच्या अलीकडच्या बुलेटला १५डब्ल्यू-५०. या तिन्ही गाड्या शेगावच्या एकाच रस्त्यावर, एकाच मे महिन्यात, एकाच उन्हात उभ्या असतात. ऊन ठरवणार असतं तर तिघींना एकच ऑइल लागलं असतं. ठरवतं इंजिन: बेअरिंगमधली फट किती, ऑइल पंप किती दाबाचा, ऑइलच्या वाटा किती बारीक. ९७.२ सीसीच्या छोट्या इंजिनाच्या वाटा बारीक असतात. त्यात ५० चं जाड ऑइल घातलं की सकाळी ते वर चढायला वेळ लावतं, फिरणारे भाग त्याला ढकलण्यात ताकद घालवतात, आणि मग मालक म्हणतो, 'पिकअप गेला, अ‍ॅव्हरेज बसलं.'

मिस्त्रींचं म्हणणं मी सरसकट उडवून लावत नाही. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात बाहेरचं तापमान वाढलं की आतलं ऑइलही जास्त तापतं, हे खरंच आहे. काही कंपन्या पुस्तिकेत तापमानाचा तक्ताच देतात आणि त्यात एकाहून जास्त ग्रेड चालतात. लाखाच्या वर फिरलेलं, रिंगा झिजलेलं, महिन्याला पावशेर ऑइल पिणारं इंजिन असेल आणि बोअर करायला हातात पैसे नसतील, तर एक पायरी जाड ऑइल टाकून हंगाम काढणारा मिस्त्री मूर्ख नसतो. फक्त त्याला इलाज म्हणू नये. आणि हाच नुस्खा शेजारच्या दोन वर्षांच्या गाडीला लावू नये.

दुसरी खूण एपीआयची, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची. दोन अक्षरं: एसजे, एसएल, एसएम, एसएन, एसपी. पहिलं एस म्हणजे पेट्रोल इंजिन. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकी कसोटी नवी. एसएल २००१ ची, एसएन २०१० ची, एसपी २०२० ची. पुस्तिकेत एसएल लिहिलं असेल तर एसएन चालतं. उलटं करू नये. यावर जास्त शाई घालवण्यासारखं काही नाही.

तिसरी खूण मात्र सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच कोणी पाहत नाही. जासो. जपानच्या वाहन उद्योगाची मानकं ठरवणारी ही संस्था. बाटलीच्या मागे लहानशी चौकट असते, तिच्यात एक संकेतांक आणि एमए, एमए२ किंवा एमबी अशी अक्षरं. ही चौकट का जन्माला आली, ती गोष्ट मोटारसायकलवाल्यानं समजून घेतलीच पाहिजे.

मोटारीत इंजिनाचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, आणि क्लच कोरडा. मोटारसायकलीत तिन्ही एकाच पोटात. जे ऑइल पिस्टनला वंगण घालतं, तेच गिअरच्या दातांमध्ये चिरडलं जातं आणि त्याच ऑइलात क्लचच्या प्लेटा बुडालेल्या असतात. आता गंमत पाहा: पिस्टनला घसरण हवी, क्लचला पकड. एकाच द्रवानं दोन्ही द्यायचं. १९९० च्या दशकात मोटारींच्या ऑइलमध्ये इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्यं घालायला सुरुवात झाली. मोटारींना ती मानवली. तीच ऑइलं मोटारसायकलीत गेली तेव्हा क्लच घसरू लागले. म्हणून १९९८ मध्ये जासोनं दुचाकीसाठी स्वतंत्र मानक काढलं आणि २००६ मध्ये त्यातल्या एमएचे एमए१ आणि एमए२ असे दोन भाग केले. एमए२ ची पकड जास्त. एमबीची पकड कमी, कारण ते स्कूटरसाठी असतं. स्कूटरचा क्लच कोरडा, पट्ट्यावर चालणारा. तिथे ऑइल जितकं निसरडं तितकं बरं.

आपल्या भागातला सगळ्यात नेहमीचा घोटाळा इथेच होतो. दुकानात एकाच कंपनीच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी. दोन्हींवर १०डब्ल्यू-३०. रंग जवळजवळ सारखा. एक स्कूटरची, ८०० मिलीची. दुसरी मोटारसायकलची, ९०० मिलीची. दुकानदाराचा मुलगा हाताला येईल ती देतो. स्कूटरचं ऑइल मोटारसायकलीत गेलं तर त्या दिवशी काहीच कळत नाही. काही दिवसांनी दोन पोती घेऊन चढ चढताना इंजिनाचा आवाज वाढतो, गाडी मात्र तेवढी पुढे सरकत नाही. मग क्लच प्लेट बदलली जाते. प्लेट बदलल्यावर पुन्हा तेच ऑइल पडतं.

दुसरा घोटाळा ट्रॅक्टरच्या डब्याचा. ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याच्या कोठ्यात १५डब्ल्यू-४० चा मोठा डबा असतो. मोटारसायकलीला लागतं एक लिटरच्या आत. मग कशाला बाटली आणायची? 'ट्रॅक्टर वढते ते, गाडीले काय होते?' हा युक्तिवाद वजनदार आहे, पण चुकीच्या जागी. डिझेल इंजिनाचं ऑइल काजळी झेलण्यासाठी बनवलेलं असतं. ओल्या क्लचशी ते कसं वागेल याची हमी जासोची खूण असेल तरच मिळते. ती डब्यावर नसेल तर कोणी दिलेली नाही. त्याहून वाईट म्हणजे कोठ्यात दुसराही डबा असतो, ट्रॅक्टरच्या गिअर आणि हायड्रॉलिकचा. तो तर इंजिनासाठी नाहीच. संध्याकाळच्या अंधारात हे दोन डबे बदललेले आहेत, तेव्हा ही पुस्तिका कोठ्याच्या दारावर टांगून ठेवली तरी माझी हरकत नाही.

जुन्या बुलेटवाल्यांसाठी एक वाक्य वेगळं: २००८-०९ च्या सुमारास नव्या पद्धतीचं इंजिन येण्याआधीच्या ज्या कास्ट आयर्नच्या बुलेट आहेत, त्यांत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांचे कप्पे वेगळे असतात, आणि प्रत्येकाचं पथ्य वेगळं. त्यांचं प्रकरण शेवटी स्वतंत्र घातलं आहे. ते मालक तसेही स्वतःला स्वतंत्रच समजतात.

ऑइल बदलायचं कधी, यावर पारावर जितकी मतं तितकी माणसं. 'काळं झालं की बदलायचं' हे त्यांतलं सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात चुकीचं. चांगल्या ऑइलमध्ये धुण्याची द्रव्यं असतात. ती जळकी काजळी उचलून स्वतःत धरून ठेवतात. काळं होणं हे त्यांचं कामच आहे. ऑइल खरं थकतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी. १०डब्ल्यू-३० सारख्या ऑइलमध्ये लांबलचक रेणूंची द्रव्यं घातलेली असतात. ऑइल तापलं की हे रेणू पसरतात आणि त्याला फार पातळ होऊ देत नाहीत. मोटारसायकलीत हेच रेणू गिअरच्या दातांत सापडून तुटतात. मग बाटलीवर ३० लिहिलेलं ऑइल प्रत्यक्षात त्याहून पातळ झालेलं असतं. म्हणून किलोमीटर मोजायचे. पुस्तिकेत दिलेला आकडा साध्या वापरासाठी आहे. धूळ, ओझं आणि पांदण यांचा हिशेब धरला तर आपल्याकडे तो आकडा कमीच धरावा, किती कमी ते त्या त्या गाडीच्या प्रकरणात आहे. मीटर बंद असलेल्यांनी (असे पुष्कळ आहेत) पेरणीआधी, दसऱ्याच्या सुमारास आणि वेचणी उरकल्यावर असा हंगामाचा हिशेब ठेवला तरी चालेल.

पण माझं विचाराल तर बदलण्याहून मोठा प्रश्न पातळी तपासण्याचा आहे. छोट्या इंजिनात मुळात ऑइलच एक लिटरच्या आत. त्यातलं पाव लिटर जळालं किंवा गळालं, तर चौथा हिस्सा गेला. उरलेल्या ऑइलला तेवढीच उष्णता, तेवढीच घाण सोसावी लागते. ते लवकर जळतं, आणखी कमी होतं. कितीही महागाचं सिंथेटिक असलं तरी कमी पातळीवर ते स्वस्तातल्या पूर्ण पातळीच्या ऑइलपुढे हरतं. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तर पुस्तिकेचे पैसे वसूल झाले.

तपासण्याची रीत अशी. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी. दोन-तीन मिनिटं चालू करून बंद करा आणि ऑइल खाली उतरायला तेवढाच वेळ द्या. साइड स्टँडवर पाहिलं तर गाडी कललेली असते आणि वाचन खोटं येतं. ऑइलची काडी काढा, स्वच्छ फडक्यानं पुसा, पुन्हा आत घाला. स्प्लेंडरसारख्या गाडीत घालताना आटे फिरवायचे नाहीत, नुसती टेकवायची. मग काढून पाहा. वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये ऑइल हवं. पल्सरसारख्या काही गाड्यांना काडी नसते, इंजिनाच्या कुशीला काचेची गोल खिडकी असते. चिखलानं ती बुजलेली असते. अंगठ्यानं पुसली की दिसते. हे पंधरा दिवसांतून एकदा. शेगावला दर्शनाला निघण्याआधी तर नक्कीच, कारण त्या दिवशी गाडीवर तिघे असतात.

जास्त ऑइलही घालू नये. बाटली एक लिटरची आणि इंजिनाची मागणी त्याहून कमी, अशा वेळी उरलेलं घोटभर 'वाया कशाला घालवता' म्हणून आत ओतलं जातं. फिरणारा क्रँक त्याला घुसळतो, फेस येतो, आणि फेसाला वंगणाची ताकद नसते. जास्तीचं ऑइल श्वासनळीतून एअर फिल्टरमध्येही चढतं. बाटलीचं बूच घट्ट लावून ते घरी न्या. पुढच्या पंधरवड्यात पातळी उतरली तर तेच कामी येईल. कमी पडलंच आणि त्याच कंपनीचं मिळालं नाही, तर त्याच तीन खुणांचं दुसऱ्या कंपनीचं घातलं तरी इंजिन रागावत नाही. कंपन्यांची भांडणं आपण इंजिनात नेऊ नयेत.

सिंथेटिक घ्यावं का? हा प्रश्न कॉलेजला जाणारी मुलं हमखास विचारतात. सिंथेटिक उष्णता जास्त सोसतं, थंडीत लवकर वाहतं, जास्त टिकतं; यात खोटं काही नाही. मोठ्या, वेगात चालणाऱ्या गाडीला ते शोभतं, आणि काहींना पुस्तिकेतच सांगितलेलं असतं. पण शंभर सीसीच्या दुधाच्या गाडीला साधं मिनरल ऑइल वेळेवर बदललं आणि उरलेल्या पैशात एअर फिल्टर नवा टाकला, तर इंजिन जास्त जगतं. आपल्या धुळीत ऑइलचा पहिला शत्रू एअर फिल्टरमधून आत येतो. फाटका फिल्टर आणि महागडं सिंथेटिक हे आपल्या गावोगावी दिसणारं जोडपं आहे. त्याचा संसार टिकत नाही. ऑइलमध्ये मिसळायच्या 'इंजिन टॉनिक'च्या बाटल्यांबद्दल पुस्तिकेत प्रकरण नाही. त्या घेऊ नका, एवढंच.

पुराबद्दल मात्र लिहावंच लागेल. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत जी अतिवृष्टी झाली, ती कोणाला सांगायला नको. पाणी घरात शिरतं तेव्हा अंगणातली गाडी आधी बुडते. पाणी ओसरल्यावर माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे किक मारून पाहतो. तीच करायची नाही. इंजिनात पाणी शिरलं असेल तर ऑइल दुधाळ, जास्त दुधाच्या चहासारखं होतं; काडीवर ते लगेच दिसतं. असं दिसलं तर चालू न करता ड्रेन नट उघडून सगळं काढा, एअर फिल्टर आणि प्लग काढून कोरडे करा, त्याच ग्रेडचं स्वस्तातलं ऑइल भरून इंजिन थोडा वेळ चालवा, तेही काढून टाका, आणि मग नेहमीचं भरा. दोन बाटल्यांचा खर्च येतो. तो टाळला तर बेअरिंगला गंज चढतो आणि खर्च कितीतरी पटींनी पुढे येतो. पूर नसतानाही काडीवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला थोडा दुधाळ साका दिसला तर घाबरू नका. गावातल्या गावात, इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होणाऱ्या गाडीत जळणातून तयार झालेलं पाणी उडून जात नाही, ते तिथे साचतं. आठवड्यातून एकदा गाडी लांब पळवली की ते निघून जातं.

खरं-खोटं ओळखण्यावर पुस्तिकेत एक अख्खं प्रकरण आहे, म्हणून इथे त्रोटक. बुचाचं सील फुटलेलं नको. बॅच नंबर, महिना-वर्ष, किंमत छापलेली हवी आणि बाटलीवर नि बुचावर ती जुळायला हवी. ड्रममधलं सुटं ऑइल प्रत्येक वेळी बनावटच असतं असं नाही. पण ते बिघडलं तर विचारायचं कोणाला, याचं उत्तर नसतं. रिकामी बाटली गॅरेजवर सोडून येऊ नका. तिला खिळ्यानं भोक पाडा, मगच भंगारात द्या. बनावट ऑइलवाल्याला सगळ्यात जास्त गरज अस्सल रिकाम्या बाटलीची असते.

या पुस्तिकेत कोणत्याही कंपनीची शिफारस नाही. तीन खुणा बरोबर असतील तर सरकारी तेल कंपन्यांची ऑइलं चालतात, खाजगी चालतात, गाडीच्या कंपनीच्या नावानं मिळणारीही चालतात. मुंबईत माहुलला हिंदुस्तान पेट्रोलियमची देशातली सर्वात मोठी वंगण रिफायनरी आहे. तिथून आणि अशाच इतर ठिकाणांहून निघालेलं मूळ तेल वेगवेगळ्या नावांच्या बाटल्यांमध्ये जातं. फरक पडतो तो त्यात मिसळलेल्या द्रव्यांचा, आणि त्यांची कसोटी त्या खुणांमध्येच नोंदलेली असते.

राहता राहिलं ते भांड्यात उतरलेलं काळं ऑइल. आपल्याकडे ते वाया जात नाही, असं आपण अभिमानानं सांगतो: सेंटरिंगच्या प्लेटांना लावतात, कुंपणाच्या लाकडी खांबांना उधळी लागू नये म्हणून फासतात, साखळ्यांना घालतात. त्यात झिजलेल्या धातूचे कण आणि जळक्या इंधनाची विषारी द्रव्यं असतात; सतत कातडीला लागलं तर कर्करोगाचा धोका असतो. म्हणून मिस्त्रीच्या हाताखालच्या पोरांनी हात पेट्रोलनं धुणं बंद करून साबणानं धुवावेत आणि ऑइलचं फडकं खिशात ठेवू नये. कायद्यानं हे ऑइल घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्यांवर टाकणारे नियमही लागू झाले आहेत, कारण शुद्ध केलं तर त्यातून पुन्हा मूळ तेल निघतं. तालुक्यातल्या गॅरेजवाल्यांना माझी विनंती आहे: दुकानात झाकणाचा एक ड्रम ठेवा, काढलेलं ऑइल त्यातच जमा करा आणि नोंदणी असलेल्या खरेदीदारालाच द्या. आणि गाडीवाल्यांना एवढंच सांगणं, की घरी ऑइल बदललंत तर ते नाल्यात, उकिरड्यावर किंवा विहिरीच्या काठाला ओतू नका. बाटलीत भरून त्या ड्रमापर्यंत पोचवा. या खारपाणपट्ट्यात गोडं पाणी आधीच थोडं आहे.